बुडालेल्या क्लबचा इतिहास कसा लिहावा : एका बाइंडरच्या सूचना

सांगलीत मी ४२ वर्षं बाइंडिंगचा धंदा केला. कचेऱ्यांच्या फायली, शाळांची हजेरीपुस्तकं, पेठेतल्या अडत्यांच्या खतावण्या. दुसऱ्यानं लिहिलेलं शिवायचं, स्वतः काही लिहायचं नाही, हा आमचा धर्म. पण २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा गावात शिरली. पाणी उतरल्यावर आमच्या जुन्या फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी प्लास्टिकची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. आत क्लबचं रजिस्टर होतं. रजिस्टर कसलं, निम्मा लगदाच. म्हणाला, "बाळ्या, तू बाइंडर. बघ काय वाचतंय का."

क्लब १९७४ साली निघाला आणि १९८१ साली संपला. नाव सांगत नाही. नावावरूनच फूट पडली होती आणि दोन्हीकडची माणसं अजून सकाळी घाटावर फिरायला येतात. ते रजिस्टर वाळवता वाळवता मी क्लबचा ३२ पानी इतिहास लिहून, शिवून वाटला. आता तासगावपासून मिरजेपर्यंतचे लोक विचारायला येतात, की आमच्याही बंद पडलेल्या टीमचं असं काही होईल का. होतं. जमेल तसं सांगतो.

आधी कागद

इतिहासाच्या गप्पा नंतर. कागद ओला असेल तर तुमच्याकडं दोन दिवस आहेत. त्यानंतर बुरशी धरते.

उन्हात घालू नका. सगळे हेच करतात. उन्हात कागद वेडावाकडा होतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि मग पापडासारखी मोडतात. वही सावलीत, सपाट पाटावर ठेवा. पंखा खोलीत फिरू द्या, पण वहीवर थेट नको. पानं एकेक करून उघडायचा हट्ट नको. जिथं आपसूक उघडतील तिथं दहा-वीस पानांमागं एक टिपकागद घाला. टिपकागद नसेल तर कोरा न्यूजप्रिंट. छापील पेपर घातला तर कालची बातमी तुमच्या रजिस्टरवर उमटते. दर दोन-तीन तासांनी कागद बदला. पुष्कळ वह्या असतील आणि हात कमी असतील, तर प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. हसू नका. गोठलेल्या कागदाला बुरशी लागत नाही, सवड होईल तसं एकेक काढता येतं. माझ्या बायकोनं आठवडाभर आइस्क्रीमच्या शेजारी क्लबचा हिशेब सांभाळला.

फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. स्वच्छ गार पाण्यात सोडा, आपोआप सुटतात. पेन्सिलीचं लिखाण पुरात टिकतं, बॉलपेनचंही बरंचसं. दौतीतल्या धुऊन जाणाऱ्या निळ्या शाईचं मात्र काही खरं नाही. आमच्या पहिल्या खजिनदाराचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि शाई तीच. त्याचे दोन वर्षांचे हिशेब आता आकाशी डाग आहेत. दुसरा खजिनदार पेन्सिलीनं खरडायचा, त्याचा पै न पै वाचता येतो.

टोपीवाला

रजिस्टरच्या पहिल्याच पानावर चिकटवलेलं एक कात्रण वाळताना सुटून माझ्या हातात आलं. काळापांढरा फोटो, खाली ओळ नाही. वर्ल्ड कप जिंकलेली टीम आणि शेजारी टोपी घातलेला उंच माणूस. ७ जुलै १९७४ ला म्युनिकमध्ये पश्चिम जर्मनीनं हॉलंडला २-१ हरवलं, त्याचं ते कात्रण. त्याच पावसाळ्यात आमचा क्लब निघाला होता. जर्मनीचा कप्तान बेकनबाउअर आम्हाला पाठ होता. टोपीवाला कोण, हे सात वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

माझी पुतणी ड्रेस्डेनला चिपच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. तिला फोटो पाठवला. रात्री फोन आला, "काका, हा आमच्या गावचा की!"

हेल्मुट श्योन. जन्म ड्रेस्डेन, १९१५. ड्रेस्डनर स्पोर्ट क्लबचा खेळाडू. त्या क्लबनं १९४३ आणि १९४४ अशी लागोपाठ दोन वर्षं जर्मनीची अजिंक्यपदं घेतली, त्या टीममध्ये हा होता. युद्धानंतर पूर्व जर्मनीत क्लबची मोडतोड झाली, नव्या नावानं उभी केलेली टीमही १९५० साली विसर्जित केली गेली आणि श्योन पश्चिमेला निघून गेला. तिकडं पुढं राष्ट्रीय टीमचा कोच झाला. आणि हा ड्रेस्डनर स्पोर्ट क्लब आला कुठून? ३० एप्रिल १८९८ ला तो काढला तो ड्रेस्डेन इंग्लिश फुटबॉल क्लबमधून बाहेर पडलेल्या खेळाडूंनी. त्या शहरात नोकरी-धंद्यासाठी राहणाऱ्या इंग्रजांनी १८७४ साली तो मूळ क्लब सुरू केला होता. पाव शतक पुरं व्हायच्या आत संपला. १८७४ ते १९७४, बरोबर १०० वर्षं, आणि दोरीचं हे टोक माझ्या पाटावर वाळत पडलेलं.

तिथं मला लिहायची रीत सापडली.

शेवटाकडून सुरू करा

लोक "क्लबची स्थापना अमुक साली झाली" असं पहिलं वाक्य लिहितात आणि तिथंच अडकतात, कारण स्थापनेची तारीख कुणालाच नक्की माहीत नसते. स्थापना म्हणजे चार पोरं आणि एक बॉल. त्याचा कागद कोण करतो? क्लब मोडतो तेव्हा मात्र भांडण होतं, पैसे वाटले जातात, सामान कुणाच्या तरी घरी जातं. शेवट माणसांच्या लक्षात राहतो. म्हणून आधी विचारा : शेवटची मॅच कोणती, त्यानंतर कोण कुठं गेलं, जाळ्या कुणाकडं, शिल्ड कुणाकडं.

त्या इंग्लिश क्लबबद्दल ड्रेस्डेनमध्ये जे टिकलं, ते त्याच्या वारसामुळं टिकलं. वारस मोठा झाला, म्हणून बापाचं नाव राहिलं. आमचंही तसंच. १९८१ नंतर चार जण एका सरकारी खात्याच्या टीममध्ये गेले, दोघं मिरजेला खेळायला लागले, गोलकीपर कोल्हापूरला गेला. त्या प्रत्येकाकडं नंतरच्या टीमचे फोटो आणि प्रमाणपत्रं निघाली, आणि त्यांतून मागं चालत मी आमच्या तारखा लावल्या. शिल्ड एका देवघरात होतं, त्यावर अष्टगंध. जाळी कांद्याच्या वखारीत गेली होती.

वहीचं मधलं पान घ्या, "कोण कुठं गेलं" असं वर लिहा आणि अकरा नावांपुढं बाण काढा. तुमचा अर्धा इतिहास तिथंच झाला.

काढणाऱ्याचाही पाठलाग करा

काही माणसांना क्लब काढायची खोड असते. चालवायची नसते. अशांच्या क्लबांचा इतिहास क्लबच्या कागदांत सापडत नाही, त्या माणसाच्या पुढच्या आयुष्यात सापडतो. याचा उस्ताद वाल्टर बेन्झेमान. बर्लिनच्या ज्यू घरातला मुलगा, शाळेसाठी स्वित्झर्लंडला मोंत्रोला ठेवलेला. तिथं पोरवयातच क्लब काढला. मग शिकायला कार्ल्सरूहला आला आणि १८८९ साली, सोळाव्या वर्षी, इंटरनॅशनल फुटबॉल क्लब काढला. नाव केवढं! तो क्लब फार टिकला नाही. १८९१ साली त्यानं कार्ल्सरूहर फुटबॉल फेराइन काढला, १८९३ साली किकर्स. १८९९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडची टीम जर्मनीत आणायच्या खटपटीत हाच पुढं होता. बर्लिनमध्ये जर्मनांनी पहिली मॅच १३-२ अशी खाल्ली, दुसऱ्या दिवशी १०-२, पुढं कार्ल्सरूहला ७-०. एवढं होऊन हा खूश. १९२० साली त्यानं 'किकर' हे फुटबॉलचं साप्ताहिक काढलं, ते अजून चालू आहे. नाझी आले आणि १९३३ साली त्याला देश सोडावा लागला. १९३४ साली मोंत्रोलाच वारला, जिथं पहिला क्लब काढला होता तिथंच.

आता त्या १८८९ च्या क्लबचा इतिहास "स्थापना, दोन-चार मॅच, विसर्जन" असा लिहिलात तर चार ओळी होतील. माणसाच्या मागं गेलात तर पुस्तक होईल. तुमच्या गावातला असा माणूस शोधा. बहुधा पुढं तो गणपती मंडळात, नाटक मंडळीत किंवा पतसंस्थेत सापडेल.

याच गोष्टीचं दुसरं टोक फोटोतलं आहे. बेन्झेमानच्या कार्ल्सरूहर क्लबनं १९१० साली जर्मनीचं अजिंक्यपद घेतलं. त्यात गॉटफ्रीड फुक्स आणि युलियुस हिर्श हे दोघे ज्यू फॉरवर्ड होते. फुक्सनं १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये रशियाविरुद्ध एका मॅचला १० गोल मारले. नाझींच्या काळात या दोघांची नावं राष्ट्रीय खेळाडूंच्या यादीतून गाळली गेली. फुक्स परदेशी निसटला, हिर्शला १९४३ साली नाझींच्या आउश्वित्स छळछावणीत नेलं. तो परतला नाही.

हे वाचल्यावर मी आमचा ग्रुप फोटो परत काढून बसलो. मागच्या रांगेत डाव्या कडेला एक माणूस आहे, त्याचं नाव रजिस्टरात कुठंच नाही. वर्गणीदार नाही, खेळाडू नाही. आमचे बॉल तोच शिवायचा. ब्लॅडर बदलायचा, वादी ओढायचा, उधारीवर. सात वर्षं क्लब त्याच्या सुईवर चालला आणि यादीत त्याला जागा नाही. त्याचं घर शोधायला मला तीन महिने लागले. तुम्हीही यादी आणि फोटो शेजारी ठेवून माणसं मोजा. आकडा जुळला नाही तर लिहायच्या आधी पायताण घाला आणि बाहेर पडा.

नावाला फसू नका

बर्लिनमध्ये १८८५ साली गेओर्ग लॉइक्स या माणसानं क्लब काढला, त्याचं नाव बी.एफ.सी. फ्रांकफुर्ट. क्लब बर्लिनचा, नाव फ्रांकफुर्टचं, कारण लॉइक्स मूळचा तिकडचा. फ्रांकफुर्टच्या दप्तरात वर्षभर शोधलंत तरी हाती काही लागणार नाही. हानोव्हरमध्ये १८७८ साली निघालेल्या क्लबच्या नावात ठळक 'फुसबाल', म्हणजे फुटबॉल, आहे, आणि तो रग्बीचा क्लब आहे. त्या काळात तिकडं फुटबॉल म्हणजे नेमकं काय, हेच ठरलेलं नव्हतं. ब्राउनश्वाइगच्या शाळेत कॉनराड कॉख या मास्तरांनी १८७४ साली पोरांना बॉल दिला. पुढच्या वर्षी त्यांनी नियम छापले, तेही रग्बीकडंच झुकलेले. कप्तानाला ते 'कैसर', म्हणजे सम्राट, म्हणत, हे मला फार आवडलं. तर १८७४ सालचा "फुटबॉल" दिसला की पायानं का हातानं, हे आधी विचारायचं.

आपल्याकडं काय वेगळं आहे? बाहेरच्या माणसाला पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम ही नावं सांगा, तो तांबडी माती आणि लंगोट शोधत बसेल. कोल्हापूरच्या फुटबॉलची ती मातब्बर नावं आहेत. तालमीतून फुटबॉल निघावा याचं नवल वाटायला नको. जर्मनीतही व्यायाम मंडळांच्या पोटात फुटबॉलच्या शाखा वाढल्या आणि मग कटकट सुरू झाली. तिकडचे कसरतवाले मास्तर फुटबॉलला 'इंग्रजी आजार' म्हणायचे. म्युनिकमध्ये १९०० साली व्यायाम मंडळाशी न पटलेल्या अकरा जणांनी कॅफेत बसून वेगळा क्लब काढला, तो बायर्न. आमच्या वेळी गल्लीतले वस्ताद आम्हाला बघून म्हणायचे, "बावीस जणं एका बॉलमागं? प्रत्येकाला एकेक घेऊन द्या की." हे वाक्य मी इतिहासात घातलं आहे. विरोधकांची वाक्यं सोडू नका, ती क्लबच्या ठरावांपेक्षा जिवंत असतात.

मैदानावर जाऊन विचारा

म्हाताऱ्या खेळाडूला खुर्चीत बसवून "तुमच्या आठवणी सांगा" म्हटलं की तो भाषण करतो. त्याला मैदानावर न्या. मैदान राहिलं नसेल तर जिथं होतं तिथं न्या. आमच्या मैदानावर आता अपार्टमेंट आहे, पार्किंगमध्ये उभं राहून आमच्या सेंटर हाफनं बोट दाखवलं, "हितं बाभळ होती, बॉल हितं पंक्चर व्हायचा." घरी दोन बैठकांत हे निघालं नव्हतं. सोबत वस्तू न्या. बूट, शिट्टी, वर्गणीची पावती. प्रश्नापेक्षा पावती जास्त बोलती करते.

ड्रेस्डेनचे इंग्रज ग्युंट्स कुरणावर खेळायचे. आज त्या भागात डायनामो ड्रेस्डेनचं मोठं स्टेडियम आहे. पुतणी तिथं जाऊन आली, मला व्हिडिओवर सगळं फिरवून दाखवलं. तिकडं फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बफेकीत शहराचा गाभा जळाला, २००२ च्या ऑगस्टात एल्बे नदीचं पाणी ९.४० मीटरवर गेलं. आग आणि पूर. आमचा निदान नुसता पूर. आणि पूरही ऑगस्टातलाच.

वर्तमानपत्रं आणि सरकारी कागद

यात फार वेळ घालवू नका, पण चुकवूही नका. ड्रेस्डेन ज्या राज्यात आहे त्या सॅक्सनीच्या राज्य ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून नेटवर टाकली आहेत, घरबसल्या बघता येतात. आपल्याकडं वाचनालयात जाऊन फायली मागाव्या लागतात, आणि पुरात कोणत्या गेल्या हे तिथंच कळतं. खेळाची बातमी शेवटच्या पानावर असेल असं धरून चालू नका. आमची एक बातमी "आठवड्याचे बाजारभाव" या चौकटीखाली दोन ओळींत निघाली, गुळाच्या दराला चिकटून.

मंडळ नोंदलेलं असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात फाइल असू शकते. महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आहे. नोंद नसेल तर क्लब नव्हता असं मात्र समजू नका. जर्मनीत संस्थांच्या नोंदणीची आजची पद्धत १ जानेवारी १९०० ला लागू झालेल्या कायद्यातून आली. १८९८ पर्यंत संपलेला इंग्लिश क्लब त्या यादीत सापडेल कसा? आमचाही नोंदलेला नव्हता. मी एका कचेरीत तीन हेलपाटे घातले, तिसऱ्या वेळी शिपायानं सांगितलं की ती खोली गोदामाला दिली. असो.

'पहिला' शब्द जपून

प्रत्येक गावाला आपला क्लब जिल्ह्यातला पहिला हवा असतो. ड्रेस्डेनच्या इंग्लिश क्लबला कुणी ब्रिटनबाहेरचा पहिला म्हणतं. मग स्वित्झर्लंडमधले लोझानवाले १८६० चा आपला फुटबॉल अँड क्रिकेट क्लब पुढं करतात. बर्लिनचा गेर्मानिया १८८८ चा, पण तो जर्मनीत अजून चालू असलेल्यांत सर्वांत जुना म्हणवतो. कॉख मास्तरांचा खेळ पहिला, पण तो क्लब नव्हे, शाळा. यातलं कुणी खोटं बोलत नाही, फक्त प्रत्येकाच्या 'पहिला'ला वेगळं शेपूट आहे. शेपटासकट लिहा, नाहीतर तो शब्दच काढा. मी काढला. त्यावरून एका मित्रानं पुस्तिका परत पाठवली. ती मी दुसऱ्याला दिली.

दोन माणसं दोन गोष्टी सांगत असतील तर दोन्ही छापा, एकाखाली एक, त्यांच्याच शब्दांत. फूट कशी पडली याच्या आमच्याकडं तीन हकिगती आहेत. तिन्हींत सांगणारा निर्दोष आहे.

शिवण

पानांची संख्या आधी ठरवा. मोठ्या कागदाच्या घडीतून १६ पानांचा एक फर्मा होतो, म्हणून १६, ३२, ४८ असंच जा. मध्ये थांबलात तर कागद वाया आणि पैसेही. जुजबंदी शिलाई करा, म्हणजे घड्या दोऱ्यानं एकमेकींना शिवा, नुसती पिन नको. पिन गंजते आणि सांगलीच्या पावसाळ्यात दोन वर्षांत पानाला भोक पाडते. खळीत चिमूटभर मोरचूद घाला, झुरळं लागत नाहीत. मजकुराच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावांत ठेवा, त्यातली एक नदीपासून लांब. माझी एक विट्याला आहे, मेहुण्याकडं, माळ्यावर.

माझा मजकूर २८ पानांत संपला, ४ पानं कोरी राहिली. मी ती तशीच शिवली आणि प्रत्येक प्रतीबरोबर एक पेन्सिल दिली. पेन्सिलच, कारण पूर परत येणार आहे. ६० प्रती वाटल्या, वाचून झाल्यावर परत मागितल्या. बहुतेकांनी वाढदिवस आणि मोबाइल नंबर लिहिले होते. गोलकीपरची प्रत सर्वांत उशिरा आली, कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलनं. कोऱ्या पानावर त्याचं बारीक अक्षर :

"पान २६. शेवटची मॅच आपण ३-१ नाही, ४-१ हरलो. चौथा गोल लाइनीच्या आत होता. रेफरीला दिसला नाही. मला दिसला होता."